निळं पडलेलं पातं

"ते निळं पडलेलं तू व्हिडिओतनं कापलंस का न्हाई? तेवढं सांग, मग मी जाते."

हे चैत्रालीताई बोलली. आपल्या ग्रुपमधली, 'कलमवाली' नावानं असती ती. म्या तिला आज पहिल्यांदा समोर बघितली. किकवीपासनं मार्गासनीला स्कूटीवर आलेली, तोंडाला ओढणी बांधलेली, आणि गाडी बंद करायच्या आधीच भांडायला सुरुवात.

आज खंडेनवमी. आमच्या शेडमधी नुकतीच पूजा झाली व्हती. मी धनाजीशेठच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधी कामाला हाय. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पानशेतच्या बंगल्यांचे जिने, असलं काम. वेल्डिंगच्या मशीनला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, आणि ग्राइंडरला तर शेठनं हळदकुंकू लावून पुढं पेढा ठेवला व्हता. मी त्या ग्राइंडरकडं पाठ करूनच उभा व्हतो.

म्या म्हणलं, कसलं निळं, मला काय म्हाईत न्हाई. तिनं पिशवीतनं फडक्यात गुंडाळलेला चाकू काढला आणि माझ्या हातात दिला. कलम बांधायचा चाकू. लाकडाची मूठ अशी झिजलेली की बोटांच्या जागा पडल्यात. पातं मात्र चकचकीत, त्यात माझंच तोंड दिसत व्हतं. धारेवर हळूच अंगठा फिरवला तर मधीच धार दुमडलेली. वहीच्या पानाचा कोपरा दुमडतो तशी.

हा तिच्या वडलांचा चाकू. त्यांची किकवीला रोपवाटिका हाय, आंब्याची कलमं बांधत्यात. ती जन्मायच्या आधीपासनं हाच चाकू त्यांच्या हातात.

मला राग आला. खरं सांगायचं तर मला आधी राग येतो आणि मग कळतं की कशाचा आला. मी वरडलो, "तुला कुणी सांगितलं व्हतं बापाच्या चाकूला ग्राइंडर लावायला?"

"तूच सांगितलंस," ती म्हणली. "आवाज तुझाच हाय त्यात. करून बघा, लई सोपं हाय."

पुढं मी काय काय बोललो ते लिहीत न्हाई. तुला डोळं न्हाईत का, इथपत्तोर गेलो. पायाजवळ रंगाचा डबा व्हता त्याला लाथ घातली. शेठ आतनं बघायला आले, म्हणले, सणाचं काय लावलंय रे, पाव्हणीला पेढा दे. ताईनं ओढणी सोडली, पेढा घेतला आणि बाकड्यावर बसली. म्हणली, मी बसते. तू ग्रुपवर लिही, झालं तसं लिही, हार्ट-बिर्ट न टाकता. वाचल्याबिगर मी हलत न्हाई.

म्हणून लिहितोय. लांब झालं तर वैतागू नका. रोज नवीन लोक येत्यात ग्रुपमधी, त्यांना काय म्हाईत न्हाई, म्हणून पहिल्यापासनं सांगतो.

आपल्या ग्रुपचं नाव 'पातं आणि मूठ'. भोरच्या शार्दूलनं काढलेला. त्यो कॉलेज संपवून घरी बसलाय, वडील कचेरीत साहेब हायत, घरात काचेचं कपाट हाय आणि कपाटात नुसते चाकू, सुऱ्या, अडकित्ते. आमी त्याला ॲडमिन म्हणतो. नियम एकच, दुसऱ्याला भ्या दाखवायचं हत्यार हितं चालणार न्हाई. हल्ली कोयता म्हणलं की लोकांना आधी पोलीस आठवत्यात, म्हणून त्यो नियम. घरातलं, शेतातलं, देवाचं, वाडवडलांचं असलं पातं पायजे.

आणि एक खेळ. 'आधी' आणि 'नंतर'. आधी गंजलेला फोटो टाकायचा, मग घासून चमकवलेला. पात्यात आपलं तोंड दिसलं की त्याला 'आरसा' म्हणायचं. आरसा झाला की ॲडमिन तुमच्या नावापुढं चाकूचं चित्र लावतो. मग तुमी बोललं की लोक ऐकत्यात. चाकूचं चित्र नसलेला काय बी बोलला तरी कोण उत्तर देत न्हाई. हे बाहेरच्याला येडपट वाटंल. मला न्हाई वाटलं. दहावीत सरांशी वाजलं आणि शाळा सुटली, तवापासनं माझ्या नावाम्होरं कुणी काय लावलं नव्हतं. जे लावलं ते लिहिण्यासारखं न्हाई.

माझ्याकडं माझं असं पातंच नव्हतं. पण गेनबा आजोबांकडं देवीचा कोयता व्हता.

गेनबा आजोबा म्हंजे माझ्या आज्ज्याचे चुलतभाऊ. आमच्या वाडीच्या देवीला नवमीला नारळ दगडावर फोडत न्हाईत. पाटावर ठेवून कोयत्यानं एका घावात दोन भकलं करायची, आणि ते करायचा मान आजोबांच्या घराचा. घरातली कुवारी पोरगी नारळाची शेंडी धरती, आजोबा घाव घालत्यात. त्यांना आता नीट दिसत न्हाई, पण त्या घावाला डोळं लागत न्हाईत म्हणत्यात. कोयता हाताला ओळखतो. पात्याला धार आणि अंगाला वजन, नारळावर टेकला की आत शिरणारच.

दरसाल नवमीच्या आधी कुणीतरी त्यो कोयता राखेनं आणि चिंचेनं घासतं आणि खोबरेल लावतं. बास, तेवढंच. ह्या साली आजोबांनी मला बोलावून हातात दिला. म्हणले, सोम्या, तू लोखंडातला माणूस, तू कर.

म्या घरी जायच्या आधीच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. काळा पडलेला, कुठंकुठं तांबूस, पाठीला हातोडीच्या खुणा. मला वाटलं लोक येडे व्हतील. एकानं लिहिलं, "भंगारवाल्याला बोलावू का?" दुसऱ्यानं हसायचं चित्र. मग सगळ्यांनीच हसायची चित्रं. ॲडमिननं तेवढं नीट लिहिलं, भावा, दम हाय पात्यात, पण आरसा कर, मग बोलू.

ती चित्रं टाकणाऱ्यातले निम्मे आज मला भाऊ म्हणत्यात. असू दे.

मी राख घेतली न्हाई आणि चिंच बी न्हाई. दुसऱ्या दिवशी शेठ पानशेतला मापं घ्यायला गेले, तवा मी कोयता ग्राइंडरला लावला. मोबाईल उभा केला आणि बोलत बोलत घासला, कसं धरायचं, कुठली चकती लावायची. ठिणग्या अशा उडाल्या की काय सांगू. चांगला वाटत व्हता माझा आवाज. आत्तापत्तोर कुणाला काय शिकवलं नव्हतं म्या.

धारेजवळ आलो तवा पातं पिवळं झालं. मग तांबूस. मग निळं, मोराच्या मानेगत. मी थांबलो न्हाई. गेटाच्या कामात निळं रोज बघतो, जोडापाशी लोखंड निळं पडतंच, गेटाचं काय बिघडत न्हाई. म्या तेच धरून चाललो. उलट मला ते भारी दिसलं. मग बारीक पॉलिश पेपरनं निळं काढलं, वर पांढरी पॉलिश लावली, आणि आरसा झाला. माझ्या नाकावरचा फोड दिसत व्हता त्यात.

तवा सवयीनं म्या कानस घेतली. शेडमधी कुठलं बी पातं झालं की कानशीचा एक हात मारून बघायचा. पाणी दिलेलं, म्हंजे लाल तापवून पाण्यात बुडवलेलं, कडक पातं असलं की कानस वरनं घसरती, किर्र आवाज येतो. मऊ लोखंड असलं की चावती आणि पीठ पडतं.

पीठ पडलं.

म्या दुसऱ्या जागी लावली. तिथं बी पडलं. ग्राइंडरच्या तापानं धारेचं पाणी उतरलं व्हतं, आणि घासून घासून पातं बी पातळ झालेलं. म्हंजे कोयत्याच्या आकाराचा पत्रा. हे मला त्याच टायमाला कळलं. मागनं कळलं असं म्हणायला जागा न्हाई.

तरी मी संध्याकाळी व्हिडिओ टाकला. निळं पडलेलं आणि कानशीचं, दोन्ही कापून टाकलं. पिवळं दिसायला लागतं तिथनं एकदम पॉलिशवर. ताई विचारत व्हती त्याचं उत्तर हेच. व्हय. कापलं.

त्या रातीपासनं माझं नाव चाकूवालं झालं. ॲडमिननं व्हिडिओ ग्रुपच्या वरती लावून ठेवला, नवीन माणूस आला की आधी तोच बघणार. हसायची चित्रं टाकणारे इचारायला लागले, चकती कितीची, पेपर कुठला. मी झटक्यात उत्तरं द्यायचो, जेवताना बी. आई म्हणली, कोण हायत रे एवढे तुझे. म्या म्हणलं, लोक इचारत्यात मला. तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मग 'नंतर'चे फोटो यायला लागले. एकानं आजीची विळी केली. एकानं नारळवाल्या मामाचा कोयता. एकानं मोटेचं चामडं शिवायची आरी केली, आता मोट तरी कुठं हाय, पण केली. प्रत्येकाखाली माझं नाव, सोमनाथभाऊंमुळं जमलं. आणि मी प्रत्येकाला आगीचं चित्र दिलं. सगळ्यांच्या पात्यांत कडेला बारीक निळी रेघ राहिलेली असायची, नीट बघितलं तर. मी नीट बघायचो. मला बारीकसारीक दिसतंच, शाळेत सर तेच म्हणायचे, हा फळ्यावरचं सोडून सगळं बघतो.

कोणच का बोलत न्हाई म्हणून म्या एकदा ॲडमिनला फोन लावला. म्हणलं, शार्दूलदादा, कानस चावतीय रे, पाणी गेलंय. त्यो म्हणला, "अरे माझ्या कपाटातली निम्मी पाती तसलीच हायत. कोण कापणार हाय त्यानं? आता ग्रुपवर बोलू नको, लोकांचा उत्साह जाईल."

मला तवा बरं वाटलं, ते खोटं कशाला बोलू. त्यालाबी म्हाईत, तरी त्यो गप, मग मी तरी का बोलू. बहुतेक आपल्यातल्या बऱ्याच जणांना म्हाईत असणार. दुसऱ्याचा आरसा बघून आपण आपला केला, आपलं निळं लपवलं, आणि आपला बघून तिसऱ्यानं केला. काचेच्या कपाटातल्या सुरीला मऊ का कडक कोण इचारतंय. ती नुसती बघायची. पण विळी बघायची नसती. कलमाचा चाकू बघायचा नसतो.

ताईनं वडलांना नवमीच्या पूजेला दाखवायचं म्हणून गुपचूप केलं व्हतं. माझा व्हिडिओ थांबवून थांबवून, शेजारच्याचा ग्राइंडर आणून. काल वडलांनी हातात घेतला, लई कौतुक केलं म्हणली. आणि एक फांदी हातात व्हती ती कापायला गेले. धार दुमडली. त्यांनी बोटानं सरळ करून बघितली, परत कापलं, परत दुमडली.

रागावले का म्हणून म्या इचारलं, तर ती म्हणली, न्हाई ना. रागावले असते तर मी हितं आले नसते. सकाळी त्यांनी तोच चाकू पाटावर ठेवला, फूल वाहिलं आणि नवीन चाकू आणायला नसरापूरला गेले.

मी चाकू फडक्यात परत गुंडाळला. म्या म्हणलं, मी दुसरा आणून देतो. ती म्हणली, त्यांच्या बोटांच्या जागा पण आणशील का?

मग तिनंच इचारलं, तुझा कुठंय? व्हिडिओतला कोयता?

म्या सांगितलं. देवीचा हाय, आजोबांकडं परत दिला. आज दुपारी त्याच्यानं नारळ फोडणार, एकानं शेंडी धरायची आणि आजोबांनी घाव घालायचा.

ती म्हणली, "शेंडी कोण धरतं?"

शेफाली धरती. आजोबांची नात. सहावीत हाय, मला दादा म्हणती, माझ्या मोबाईलवर बसून गेम खेळती. मागल्या साली पहिल्यांदा धरली तवा डोळं मिटले व्हते तिनं, आणि आजोबा म्हणले, मिटू नको पोरी, कोयत्याला वाटंल तुझा इश्वास न्हाई.

मला हे म्हाईत नव्हतं का? म्हाईत व्हतं. कोयता परत द्यायला गेलो तवाच म्हाईत व्हतं. सांगायचं ठरवूनच गेलो व्हतो. आजोबा ओट्यावर बसलेले. त्यांनी पातं डोळ्यांजवळ धरलं, इतकं जवळ की मला भ्या वाटलं, आणि हसायला लागले. म्हणले, सोम्या, लई सालांनी माझं तोंड दिसलं रे मला. मग येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून दाखवायला लागले. ह्यानं केलं, आपल्या सोम्यानं. लोक म्हणायचे, शाळा सोडलेलं पोरगं, कुठं तरी जाऊन मार खाणार. आता बघा म्हणावं.

तेवढ्यात कसं सांगू? असं म्या तवा मनाला सांगितलं. उद्या सांगू म्हणलं. मग परवा. आजोबा रोज सांजेला कोयता काढून बसायचे, खोबरेल लावायचे, आणि मी त्यांच्या घराच्या मागनं जायला लागलो. एकदा हातात तोलून बघत व्हते म्हणं, आणि शेफालीला म्हणले, हलका झाल्यासारखा वाटतोय. मग आपणच म्हणले, म्हातारा झालो, हात दमला की वजन कळत न्हाई. हे शेफालीनं मला सांगितलं. हसत सांगितलं.

त्यांना वाटतंय त्यांचा हात गेला. कोयत्याला ते काय बोलत न्हाईत, कारण कोयता म्या केलाय.

कडक पातं नारळात शिरतं. मऊ आणि पातळ पातं करवंटीवर वाकतं आणि सरकतं. कुठं सरकंल ते सांगता येत न्हाई. एका बाजूला पाट हाय आणि एका बाजूला शेफालीचा हात. हे सगळं म्या मनात कितींदा तरी बघितलंय, आणि दरवेळी म्हणलं, न्हाई, वजन हाय त्याला, फुटंल. वजन तर मीच घासून काढलं की.

आता ताई म्हणती, हे ग्रुपवर नंतर लिही, आधी म्हाताऱ्याकडं जा. मघाशी तीच म्हणत व्हती, आधी लिही. म्या म्हणलं, थोडं ऱ्हायलंय. खरं कारण वेगळं हाय, ते बी लिहून टाकतो. आजोबांच्या आधी तुमाला सांगतोय, कारण तुमची तोंडं मला दिसत न्हाईत. तुमी शिव्या दिल्या तरी मोबाईल उपडा ठेवता येतो. आजोबांचं तोंड उपडं ठेवता येत न्हाई.

तुमच्यातल्या ज्यांनी माझा व्हिडिओ बघून घरातलं पातं घासलं, त्यांनी कानस लावून बघा. पीठ पडलं तर ते पातं घरच्यांच्या हातात देऊ नका. त्यांना सांगा, सोमनाथनं फसवलं म्हणून सांगा. ॲडमिन, तू हे पुसशील म्हणून ताईनं मी लिहितोय तसं तसं तिच्या मोबाईलवर घेतलंय. व्हिडिओ खाली घे. माझ्या नावाम्होरचा चाकू काढ. आणि तुझ्या कपाटातल्या पात्यांचं तू बघ, मी काय बोलत न्हाई.

आजोबांना काय म्हणायचं ते मला अजून जमलं न्हाई. आजोबा, ह्या साली घरातला दुसरा कुठला कोयता राखेनं घासून घ्या, असं म्हणलं तर म्हणतील, का रे, एवढा झकास केलास की. सगळी वाडी असंल तिथं. मानाचा कोयता ह्यानं बाद केला असं एकदा झालं की झालं, मग माझ्या नावाम्होरं जन्मभर तेच. आणि आजोबांच्या घराचा मान. ह्या साली कोयताच न्हाई म्हणल्यावर मान कुणाकडं जाईल, भावकी काय बोलंल, हे बी मला कळतं. त्यांनी लोकांना बोलावून बोलावून माझं नाव घेतलं. तेच लोक आज तिथं बसलेले असतील.

त्यापेक्षा एकदा वाटलं, शेंडी मीच धरतो म्हणावं. सरकला तर माझा हात. पण कुवारी पोरगीच लागती. आणि मला धरू दिली तरी आजोबांना वाटणार, आपलाच घाव चुकला. माझी बोटं गेली तरी खोटं तसंच ऱ्हाणार, उलट त्यांच्या डोक्यावर बसणार. म्हंजे ते बी न्हाई.

बोलून जमणार न्हाई. मला बोलायला लागलो की राग येतो आणि मी दुसऱ्यावर घसरतो, ताईवर घसरलो तसा. म्हणून कानस घेतलीय. सगळ्यांसमोर कोयता मागून घेणार आणि धारेवर एक हात मारणार. पीठ पडलेलं आजोबांना दिसणार न्हाई, पण त्यांच्या तळहातावर धरलं तर लागंल. आवाजावरनं बी कळंल त्यांना. इतकी सालं घरातल्या विळ्या-कोयत्यांना कानस लावलीय त्यांनी, कडक पात्याचा आवाज त्यांना म्हाईत हाय.

ताई म्हणती, मी येते संगं. म्या न्हाई म्हणलं. मग म्हणलं, ये.

शेफाली आली. नवीन परकर घातलाय, केसात झेंडू. दारातनंच म्हणती, "दादा, चल की, आजोबा कोयता घेऊन देवळात गेले बी, तुला पुढं उभं करायचंय म्हणत्यात."

हातात नारळ हाय तिच्या. शेंडीला धरूनच आणलाय.

निघतो आता. निघायलाच पायजे.